तांब्यावरचा आणि लाकडावरचा क्विक्झोट

जुनं कोरीव चित्र समोर आलं की माझी नजर आधी तळाशी जाते. चित्र तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं असेल तर चौकटीखाली डाव्या-उजव्या हाताला, भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत इतक्या बारीक अक्षरांत, दोन नावं असतात. डावीकडे रेखाटणाऱ्याचं, उजवीकडे कोरणाऱ्याचं. लाकडी ठशावरून उतरलेलं असेल तर ती नावं चित्रातच कुठेतरी दडलेली असतात, एखाद्या दगडाच्या अंगावर किंवा गवताच्या बुडाशी. गुस्ताव्ह डोरेच्या ‘डॉन क्विक्झोट’मध्ये हा शोध घेत गेलं की एका कोपऱ्यात डोरेची सही सापडते आणि दुसऱ्या कोपऱ्यात पिझाँ हे नाव. डोरेला सगळं जग ओळखतं. एलिओदोर पिझाँ मात्र जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. आणि ला मांचाच्या माळावरचा तो उंच, हाडकुळा घोडेस्वार आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो, तो या पिझाँच्या हातून गेलेला असतो.

डोरे लाकडी ठोकळ्यावर कुंचल्याने चित्र काढी. शाईच्या पातळ-दाट छटा, मध्येच पांढऱ्या रंगाचे फटकारे. संध्याकाळ, धूळ, दूरचे डोंगर हे सगळं त्या ओल्या रंगात आलेलं असे. पण ठशाला छटा कळत नाही. एक तर तो शाई घेतो, नाही तर घेत नाही. मधलं करडं काही त्याच्यापाशी नसतं. म्हणून कोरणाऱ्याला प्रत्येक छटेसाठी रेघ शोधावी लागे. किती जाड, शेजारणीच्या किती जवळ, कुठे वाकवायची, कुठे तोडायची. बॉक्सवुड नावाच्या पिवळसर, घट्ट लाकडाचा आडवा छेद घ्यायचा, तो घासून गुळगुळीत करायचा, वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवायचा आणि पोलादी कोरणी चालवायची. वळणाची रेघ आली की कोरणी फारशी वळत नाही, डावा हात ठोकळाच फिरवतो. पांढरं हवं ते कोरून टाकायचं, उरेल ते काळं. निसटलेली कोरणी मागे घेता येत नाही. आणि काम संपतं तेव्हा चित्रकाराचं मूळ चित्र उरलेलंच नसतं; कोरणीखाली ते कण-कण होऊन उडून गेलेलं असतं.

डोरेचं आकाश पाहताना मला हे सारखं जाणवतं. दुरून ते उतरत्या उजेडाचं आकाश असतं. भिंग धरलं की शेजारी-शेजारी धावणाऱ्या असंख्य रेघा दिसतात, क्षितिजाकडे बारीक होत गेलेल्या, ढगापाशी जरा थबकलेल्या. बॉक्सवुडचं झाड फारसं जाड होत नाही, त्यामुळे मोठ्या पानासाठी लहान-लहान तुकडे जोडून एक ठोकळा करत. जुन्या छापांत कधी कधी त्या जोडाची केसाइतकी पांढरी फट आकाशातून सरळ खाली उतरलेली दिसते. ती मला दोष वाटत नाही. तिथे क्षणभर चित्र बाजूला होतं आणि काम दिसतं.

तांब्याचा हिशेब याच्या नेमका उलटा. तिथे कोरलेलं ते काळं. कोरणीपुढे तांब्याची बारीक साल वळत वळत निघते, खोबणीच्या काठाला उरलेली कूस खरवडून काढावी लागते. मग पत्र्याला शाई फासायची, वरवरची पुसून घ्यायची, खोबणीत राहील तेवढी राहू द्यायची आणि ओलसर कागद वर घालून रुळाखालून दाबून काढायचा. त्या दाबाचा चौकोन कागदावर कायमचा उमटतो. बोट फिरवलं तर काठ लागतो. हे काम आपल्याकडेही झालेलं आहे. १८०५ साली मिरजेला भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. अख्खी गीता आरशातल्यासारखी उलटी कोरत जाणारा तो कारागीर आणि युरोपात क्विक्झोटचा भाला उलट्या हातात कोरणारा कारागीर, दोघांची शिस्त एकच.

आता कादंबरीकडे वळतो. सर्व्हांटिसने आपल्या नायकाचं रूप किती थोडं सांगितलं आहे, हे लक्षात आल्यावर मी चकित झालो होतो. वय पन्नाशीच्या आसपास, काठी चिवट, अंगावर मांस नाही, चेहरा सुकलेला, पहाटे उठायची सवय, शिकारीची आवड. पहिल्या प्रकरणात एवढंच. पुढे कुठे पिवळा पडलेला वर्ण येतो, कुठे लांबोडके पाय येतात, पण हे सगळं हजारभर पानांत विखुरलेलं. १६०५ साली माद्रिदला हुआन दे ला क्वेस्ताच्या छापखान्यात पहिला भाग छापला गेला तेव्हा आत गोष्टीतलं एकही चित्र नव्हतं. मुखपृष्ठावर छापखान्याचं बोधचिन्ह होतं, मुठीवर बसलेला, डोळे झाकलेला ससाणा. १६१५च्या दुसऱ्या भागाचंही तेच. म्हणजे पहिल्या वाचकांनी हा माणूस निव्वळ शब्दांतून पाहिला.

तरीही एक चित्र कादंबरीच्या पोटात आहे, आणि तो प्रसंग मला फार आवडतो. आठव्या प्रकरणाच्या शेवटी क्विक्झोट आणि बास्क प्रांतातला एक प्रवासी तलवारी उगारून समोरासमोर उभे आहेत, आणि गोष्ट तिथेच तुटते. पुढची हकिगत मिळत नाही, असं लेखक सांगतो. नवव्या प्रकरणात तो तोलेदोच्या बाजारात हिंडत असताना एक पोरगा रद्दीच्या वह्या विकायला येतो. वह्या अरबीत. लेखक अरबी जाणणाऱ्या एका मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मुस्लिम वंशाच्या, माणसाला गाठतो, बेदाणे आणि गहू एवढ्या मोबदल्यात भाषांतर ठरवतो आणि पहिल्याच वहीत त्याला ती लढाई चितारलेली दिसते. उगारलेल्या तलवारी तशाच, एकाची ढाल, दुसऱ्याची उशी, भाड्याचं खेचर हुबेहूब भाड्याचं, क्विक्झोटचा घोडा रोसिनांते बरगड्या मोजून घ्याव्या असा, आणि शेजारी गाढवाचा दोर धरून उभा असलेला त्याचा सेवक सांचो, पोट सुटलेलं, अंगाने बुटका, नडग्या लांब. प्रत्येकाच्या पायाशी नाव लिहिलेलं. पुढे शतकानुशतकं जे कलावंत या पुस्तकाची चित्रं काढणार होते, त्यांच्यासाठी सर्व्हांटिसने नमुना आधीच पुस्तकात ठेवून दिला होता. तोही अशा चित्राचा, की जे कुणी कधी पाहिलेलंच नाही.

शब्दांतून बाहेर पडून क्विक्झोट चित्रांत स्थिरावला तो स्पेनबाहेर. १६५७ साली हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्टला याकोब साव्हेरीने काढलेल्या डच भाषांतरात तांब्यावर कोरलेल्या चित्रांची पहिली मोठी मालिका आली. पाच वर्षांनी ब्रसेल्सच्या स्पॅनिश आवृत्तीत याच चित्रांवरून बेतलेली चित्रं आली आणि पुढे किती तरी आवृत्त्यांनी तीच पुन्हा पुन्हा कोरली. खुद्द माद्रिदला सचित्र आवृत्ती निघायला १६७४ साल उजाडलं; दिएगो दे ओब्रेगोनने तिची चित्रं केली. या जुन्या चित्रांत क्विक्झोट पडत असतो. घोड्यावरून, पवनचक्कीच्या पात्यावरून, दगडांच्या माऱ्यात. सांचोला घोंगडीत घालून उडवलेलं असतं आणि तो हवेत हातपाय पसरून लटकलेला असतो. त्या काळी हे पुस्तक पोट धरून हसण्याचं होतं आणि चित्रं त्या हसण्याला धरून होती. त्या माणसाच्या डोळ्यांत काय चाललं आहे, हे विचारायला कोरणीला अजून सवड नव्हती.

फ्रान्समध्ये शार्ल-आंत्वान क्वापेलने अठराव्या शतकात गोबलँच्या विणकामशाळेतल्या भिंतपडद्यांसाठी क्विक्झोटची अठ्ठावीस चित्रं रंगवली. त्यांवरून कोरलेल्या छापांनी युरोपभर प्रवास केला. तिथला क्विक्झोट दरबारी मंडळींच्या गराड्यात वावरतो, रेशमी वस्त्रांच्या घड्या त्याच्यापेक्षा जास्त नजरेत भरतात. मला ती मालिका थंड वाटते. पण तिच्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. क्विक्झोट घराबाहेर पडतो आहे, वेडेपणा स्त्रीरूपात त्याला वाट दाखवतो आहे, आणि मागे उभी असलेली पवनचक्की अर्धी राक्षस झाली आहे. तिला डोकं फुटलं आहे.

इथे चित्रकाराची खरी अडचण उघडी पडते. आठव्या प्रकरणात क्विक्झोट म्हणतो ते राक्षस, सांचो म्हणतो त्या चक्क्या; एकाला लांब हात दिसतात, दुसऱ्याला वाऱ्यावर फिरणारी पाती. वाचताना आपण दोन्ही एकाच वेळी पाहतो, कुणा एकाची बाजू घ्यावी लागत नाही. कोरणाऱ्याला तशी मुभा नाही. पत्र्यावर चक्की तरी कोरायची, नाही तर राक्षस तरी. चक्की कोरली की क्विक्झोट निव्वळ वेडा ठरतो. राक्षस कोरला की सांचो आंधळा ठरतो.

१७३८ साली लंडनला टॉन्सन या प्रकाशकाकडून लॉर्ड कार्टरेट यांच्या पुढाकाराने चार खंडांची भारदस्त आवृत्ती निघाली. इंग्लंडात छापलेली, पण भाषा स्पॅनिश. चित्रं जॉन व्हँडरबँकची, बहुतेक पत्रे जेरार्ड व्हँडरगुख्टने कोरलेले. होगार्थनेही काही चित्रं केली होती, ती घेतली गेली नाहीत. या आवृत्तीच्या सुरुवातीला जॉन ओल्डफील्ड नावाच्या वैद्याचं चित्रांविषयीचं एक टिपण आहे. त्याचा मुद्दा असा की शब्दांत जे खपून जातं ते डोळ्यांपुढे मांडलं की विश्वास उडतो. चक्कीला राक्षस समजणारा माणूस वाचताना मान्य होतो, समोर खरी चक्की दिसली की मान्य होत नाही. म्हणून त्या आवृत्तीत पुस्तकातले सर्वांत गाजलेले प्रसंगच नाहीत. चक्क्यांवरची चाल नाही, मेंढ्यांच्या कळपावरची नाही. त्याऐवजी माणसं बोलताना, ऐकताना, एकमेकांना वंदन करताना दिसतात आणि त्यांच्या मध्ये क्विक्झोट शहाण्या गृहस्थासारखा उभा असतो.

ओल्डफील्डचा निर्णय मला पटत नाही, पण त्याने प्रश्न जिथे होता तिथेच बोट ठेवलं, याचा मला आदर वाटतो. आणि त्या निर्णयाने एक मोठं काम केलं. प्रथमच कुणीतरी या माणसाला पडण्यापासून सोडवलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच आवृत्तीत ग्रेगोरिओ मायान्स याने लिहिलेलं सर्व्हांटिसचं पहिलं चरित्र आहे आणि विल्यम केंटने केलेलं लेखकाचं चित्रही. समोर ठेवायला खात्रीचं व्यक्तिचित्र नव्हतं, तेव्हा सर्व्हांटिसने एका प्रस्तावनेत स्वतःचं जे वर्णन करून ठेवलं होतं त्यावरूनच त्याचा चेहरा कोरला गेला. नायकासारखाच लेखकही शब्दांतून पत्र्यावर आला.

स्पेनने या सगळ्याला उत्तर दिलं ते १७८० साली. राजेशाही अकादमीने होआकिन इबार्राच्या छापखान्यात चार खंडांची आवृत्ती काढली. अक्षरांचा नवा खिळा पाडला, खास कागद करवून घेतला, पोशाख आणि शस्त्रं त्या काळाला धरून असावीत असा आग्रह धरला. पाने उलटताना शाईचा काळेपणा आणि समासाचा पांढरेपणा यांचा तोल पाहून मन निवतं. गोयाने या आवृत्तीसाठी केलेलं एक चित्र शेवटी वगळलं गेलं, ही हळहळ कायमची. त्यातच तोमास लोपेझचा नकाशाही आहे, क्विक्झोट कुठून निघाला, कुठे मुक्काम केला, कुठे मार खाल्ला ते दाखवणारा. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याच्या वाटा भूगोलाच्या जाणकाराने स्पेनच्या खऱ्या नद्या-डोंगरांवर आखून दिल्या. अशा कामाला मी प्रेमच म्हणेन.

एकोणिसाव्या शतकात डोरे आला आणि त्याने चक्की टाळली नाही. पात्याच्या तडाख्याने घोडा आणि स्वार दोघंही उलटेपालटे हवेत गेले आहेत. हे जुन्याच चालीचं झालं. त्याचं स्वतःचं म्हणणं पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर आहे. खोलीत खुर्चीवर क्विक्झोट, एका हातात उघडं पुस्तक, दुसऱ्यात उगारलेली तलवार, तोंड उघडं, बहुधा मोठ्याने वाचतो आहे. आणि त्याच्याभोवती सगळी खोली भरून गेली आहे. सरदार, संकटात सापडलेल्या स्त्रिया, अजस्र सरपटणारे जीव, जमिनीवर राक्षसाचं मुंडकं, उंदरावर बसून लढायला निघालेला चिमुकला वीर. भिंतीपाशी ही गर्दी अंधारात विरत जाते. वस्तू कुठे संपतात आणि कल्पना कुठे सुरू होते, ते पिझाँच्या रेघांनी ठरवू दिलेलं नाही. खुर्चीचं लाकूड आणि भुताची बाही एकाच जातीच्या रेघेने कोरली आहे. शब्दांत जे दोन अर्थ एकत्र राहतात, ते रेघेतही एकत्र राहू शकतात, हे मी या पानावर पाहिलं. बाहेरून हसणाऱ्या दोनशे वर्षांनंतर कोरणी त्याच्या डोळ्यांच्या आत शिरली होती.

लहान गोष्टींतही हे सापडतं. न्हाव्याचं पितळी तस्त घ्या. नवी टोपी पावसाने खराब होऊ नये म्हणून न्हाव्याने ते डोक्यावर पालथं घातलेलं. क्विक्झोटला ते वीरकथांतल्या माम्ब्रिनोचं सोन्याचं शिरस्त्राण दिसतं. हाती लागल्यावर तो ते डोक्यावर इकडून तिकडे फिरवून चेहऱ्यापुढची झडप शोधत राहतो, आणि सांचोला हसू आवरत नाही. दाढीच्या तस्ताला काठाशी अर्धवर्तुळाकार खाच असते, गिऱ्हाइकाची मान बसावी म्हणून. चांगल्या छापांत ती खाच जिथल्या तिथे दिसते. कोरणारा तस्त शिरस्त्राणाच्या ऐटीने डोक्यावर बसवतो, त्यावर उजेडाची एक पांढरी तिरीप सोडतो, आणि खाच बुजवत नाही. पाहणाऱ्याने तिरीप पाहावी किंवा खाच पाहावी. मला हे चित्रकलेतलं मोठं सौजन्य वाटतं.

क्लाव्हिलेन्यो या लाकडी घोड्याचा प्रसंग आला की मी जरा रेंगाळतो. दुसऱ्या भागात एक सरदार आणि त्याची बायको मिळून क्विक्झोट आणि सांचोच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, लाकडी घोड्यावर बसवतात आणि तुम्ही आकाशातून चालला आहात असं भासवतात. वारा लागावा म्हणून भाते चालवतात, आगीचा पट्टा ओलांडल्याचं वाटावं म्हणून पेटते बोळे जवळ धरतात. चित्रात आपल्याला बाग दिसते, भाते दिसतात, हसणारी माणसं दिसतात. त्या दोघांना फक्त आकाश. पुस्तकातला सर्वांत क्रूर विनोद हाच, असं मला नेहमी वाटत आलं आहे. आणि चित्र पाहताना आपणही त्या बागेत, हसणाऱ्यांच्या रांगेत उभे केले जातो. शब्दांत वाचताना आपण घोड्यावरही थोडे बसलेले असतो.

दुसऱ्या भागाच्या अखेरीकडे, गावी परतताना, ही जोडी एका खाणावळीत उतरते. भिंतीवर हेलनच्या अपहरणाची भडक चित्रं टांगलेली आहेत. ती पाहून सांचो पैज लावतो की थोड्याच दिवसांत अशी एक खाणावळ, एक न्हाव्याचं दुकान उरणार नाही जिथे आपल्या पराक्रमाची चित्रं नसतील. फक्त ती यापेक्षा चांगल्या हाताने काढलेली असावीत, एवढी त्याची इच्छा. सांचो पैज जिंकला. चांगल्या हाताची इच्छाही पुरी झाली, आणि ते हात नुसते नामवंत चित्रकारांचे नव्हते.

या सगळ्या आवृत्त्यांतून एकच घरी न्यायची झाली तर मी डोरेची नेणार नाही. तिची मोठी पानं थोर आहेत, पण ती समोर आली की वाचन थांबतं. आपण पाहणारे होतो. मी १८३६-३७ साली पॅरिसला निघालेली आवृत्ती नेईन. चित्रं तोनी जोहानोची, भाषांतर लुई व्हियार्दोचं, पुढे डोरेने ज्याला चित्रांची जोड दिली तेच. तांब्याचं पान वेगळ्या दाबयंत्रावर छापून मागून शिवावं लागतं. लाकडी ठोकळा मात्र खिळ्यांच्या उंचीचा करून मजकुराच्या ओळींमध्येच बसवता येतो. जोहानोने याचा पुरा लाभ घेतला. त्याची सुमारे आठशे लहान चित्रं परिच्छेदाच्या वर, खाली, ओळींच्या कुशीत येतात. चक्की आली तर तिच्या अंगाला लागूनच सर्व्हांटिसचं वाक्य असतं, राक्षस आणि चक्की दोन्ही सांभाळणारं. चित्राने एक बाजू घेतली तरी शेजारची ओळ दुसरी बाजू सोडत नाही. या पुस्तकाला याहून योग्य न्याय कुठल्याही कोरीव पानाने दिलेला मला दिसला नाही. मोठ्या ग्रंथालयांनी ही जुनी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली आहेत. फ्रेंच येत नसेल तरी पाहा. कादंबरी आपल्या भाषेत, आपल्याला जमेल त्या भाषांतरात शेजारी उघडून ठेवा, आणि चित्र व ओळ एकाच बैठकीत वाचा.